मांगा आणि सुपरहिरोंचे नवे संग्रह: महागावात बसून मागवायचे तर कोणते घ्यावेत, कोणते सोडावेत?

१२ सप्टेंबर २०२५ ला ‘डीमन स्लेअर: इन्फिनिटी कॅसल’ भारतात लागला. ॲनिमे म्हणजे लहान पोरांचं कार्टून, असं समजणाऱ्यांनाही त्या आठवड्यात पहाटेच्या शोच्या बातम्या वाचाव्या लागल्या. सिनेमा जपानीत होता, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत होता. मराठीत नव्हता.

आता हा सिनेमा ज्या पुस्तकांवरून निघाला ती पुस्तकं वाचायची कुणाला इच्छा झाली, आणि तो वाचक महागावात राहत असला, तर?

महागाव म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं तालुक्याचं ठिकाण. नांदेडहून यवतमाळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ इथूनच जातो. एका अंगाला पुसद, दुसऱ्या अंगाला उमरखेड आणि मधे कापूस, सोयाबीन, तूर. रील इथंही पोचल्यात. तांजिरो, गोजो, लुफी ही नावं नववी-दहावीच्या पोरांना पाठ आहेत. पण अशा गावात पुस्तकाच्या दुकानात गाइड, वह्या आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मिळतात. मांगा हवी असेल तर ऑनलाइन मागवायची आणि कुरिअरवाल्याच्या फोनची वाट बघायची.

म्हणजे दुकानात उभं राहून चार पानं चाळून बघायची सोय नाही. चुकीचं पुस्तक मागवलं तर पैसे गेले. आणि पैसे थोडेथोडके नाहीत. इंग्रजी मांगाचा एक खंड भारतात साधारण चारशे ते सातशे रुपयांना पडतो. ‘डीमन स्लेअर’चे एकूण २३ खंड आहेत. साडेचारशेच्या भावानं धरले तरी १०,३५० रुपये. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे एक गोष्ट शेवटपर्यंत वाचायला सव्वा क्विंटलपेक्षा जास्त कापूस!

त्यामुळे कोणता संग्रह भारी, यापेक्षा कोणता संग्रह पैसे देण्यालायक, हा प्रश्न इथं जास्त महत्त्वाचा ठरतो. मुंबई-पुण्याच्या चाहत्यांच्या याद्या इथं फारशा कामाच्या नाहीत.

खंड, अंक, संग्रह: नेमकं काय विकत घेतोय?

मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स. ती उजवीकडून डावीकडे वाचतात, आणि आतली पानं बहुतेक काळी-पांढरी असतात. पहिल्यांदा हातात घेणारा हमखास शेवटच्या पानापासून सुरू करतो. बऱ्याच इंग्रजी आवृत्त्यांत म्हणूनच तिथं ‘तुम्ही उलट्या बाजूनं वाचताय’ अशी सूचना छापलेली असते.

जपानमध्ये गोष्ट आधी साप्ताहिकात येते. ‘शोनेन जंप’ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं, १९६८ पासूनचं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्याचा खप ६५ लाखांच्या वर गेला होता. या साप्ताहिकात वाचकांची मतं मागवली जातात आणि ज्या मालिकेला मतं कमी पडतात तिचा गाशा काही महिन्यांतच गुंडाळला जातो. दर आठवड्याला साधारण १९-२० पानं काढायची, शेवटी काहीतरी धक्का द्यायचा, हे गणित त्यातूनच आलं. अशी आठ-दहा प्रकरणं जमली की साधारण दोनशे पानांचा एक खंड निघतो. आपण विकत घेतो तो हा.

अमेरिकेत पद्धत वेगळी. तिथं २०-२२ पानांचा रंगीत अंक महिन्याला येतो आणि पाच-सहा अंक एकत्र बांधून पुस्तक निघतं. बॅटमॅनच्या गोष्टीत दर काही वर्षांनी लेखक बदलतो, चित्रकार बदलतो. मांगाची गोष्ट बहुतेक वेळा एकाच माणसाची असते. तिला सुरुवात असते आणि, लेखकाची तब्येत टिकली तर, शेवटही.

फक्त एकच पुस्तक घ्यायचं असेल तर

‘लुक बॅक’. लेखक-चित्रकार तात्सुकी फुजिमोतो, तेच ‘चेनसॉ मॅन’वाले. ही गोष्ट २०२१ मध्ये जपानमध्ये आली आणि २०२४ मध्ये तिच्यावर सिनेमाही निघाला. पानं दीडशेच्या आत, एका खंडात संपते, पुढचा भाग नाही.

गोष्ट एका छोट्या गावातल्या शाळेतली आहे. फुजिनो नावाची चौथीतली मुलगी शाळेच्या पत्रकात चार चौकटींची चित्रकथा काढते आणि वर्गात तिचं कौतुक होतं. एकदा तिच्या शेजारी क्योमोतो नावाच्या, शाळेतच न येणाऱ्या मुलीचं चित्र छापून येतं. ते इतकं चांगलं असतं की फुजिनोचा जळफळाट होतो. मग ती वह्यांच्या वह्या भरत सुटते. पुढे या दोघींचं काय होतं हे सांगण्यात अर्थ नाही. पुस्तकाच्या मध्यानंतर एक घटना घडते आणि तिथून पुढे ती माहीत नसलेलीच बरी.

या पुस्तकात कितीतरी पानांवर एकही शब्द नाही. फुजिनो टेबलाशी पाठमोरी बसलेली आहे, खिडकीबाहेर ऋतू बदलतायत, कपाटात चित्रकलेची पुस्तकं वाढतायत, बस एवढंच. मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि इंग्रजी पुस्तकाला बिचकणाऱ्या वाचकालाही ते अडत नाही. चित्र काढणाऱ्या पोराला ‘यानं पोट भरतं का’ असं ऐकवलं जातं त्या प्रत्येक घरात हे पुस्तक असावं, असं त्याच्या चाहत्यांना वाटतं. त्यात काही चूक दिसत नाही.

गाजलेल्या मालिकांचं काय?

‘डीमन स्लेअर’ पासून सुरू करू, कारण विचारणारे सगळ्यात जास्त त्याचेच. कोयोहारू गोतोगे यांची ही मालिका फेब्रुवारी २०१६ ते मे २०२० अशी चालली. गोतोगे यांनी आपला चेहरा कधी लोकांसमोर आणलेला नाही. स्वतःच्या जागी ते चष्मा लावलेली मगर काढतात. खरं सांगायचं तर पहिल्या दोन-तीन खंडांतली चित्रं कच्ची आहेत. ज्यांनी आधी ॲनिमे पाहिलंय त्यांना तर पुस्तकातल्या मारामाऱ्या फिक्या वाटतील, कारण पडद्यावरचा तो पाण्याचा आणि आगीचा खेळ युफोटेबल या स्टुडिओचा आहे. पुस्तकाचं बळ वेगळीकडे आहे. राक्षस मरताना तो आधी माणूस कसा होता हे दोन-चार पानांत येतं आणि तिथं गोतोगे हुकत नाहीत.

सगळे २३ खंड घेण्याची गरज नाही. ॲनिमे पाहून झालंय, ‘इन्फिनिटी कॅसल’ पाहिलाय आणि पुढे काय हे कळल्याशिवाय झोप लागत नाही, अशांनी १८वा खंड उघडावा. सिनेमा साधारण तिथं थांबतो. म्हणजे सहा खंड, अडीच-तीन हजारांत काम भागतं.

‘जुजुत्सू कायसेन’ची शिफारस करताना जरा हात आखडतो. गेगे अकुतामी यांची ही मालिका ३० सप्टेंबर २०२४ ला संपली, २७१ प्रकरणं, ३० खंड. शिबुयाच्या घटनांपर्यंत ती अफाट आहे. त्यानंतर मात्र प्रत्येक लढाईत शक्तीचे नियम समजावणारे मोठमोठे परिच्छेद येतात, आणि शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो. चाहत्यांमध्ये यावरून अजून भांडणं चालतात. ज्याला पैसे मोजून पुस्तकं घ्यायचीत त्यानं १६ खंडांवर थांबलं तरी चालेल.

‘माय हिरो अकॅडमिया’ ही जपानी मांगा आणि अमेरिकी सुपरहिरो यांच्यामधला पूल म्हणावी अशी. कोहेई होरिकोशी यांनी २०१४ मध्ये सुरू केली, ऑगस्ट २०२४ मध्ये ४३० व्या प्रकरणाला संपवली. खंड ४२. बहुतेक सगळ्यांना शक्ती असलेल्या जगात एक शक्ती नसलेला मुलगा, ही कल्पना छान आहे. पण ४२ खंड विकत घेण्याइतकी छान आहे का? नाही. पहिला खंड घ्या, होरिकोशींचं अमेरिकी कॉमिक्सवरचं प्रेम त्याच्या पानापानावर दिसतं, आणि बाकीचं ॲनिमेत पाहा.

‘वन पीस’बद्दल तर हिशेबच करू नका. आयिचिरो ओदा १९९७ पासून लिहितायत, खंड ११० च्या पुढे गेलेत आणि गोष्ट चालूच आहे. पन्नास हजार रुपये कुणाकडे पडून असतील तर त्याचं दुसरंही काही करता येतं.

या सगळ्या गर्दीत ‘फ्रीरेन’ वेगळी उठून दिसते. कानेहितो यामादा यांचं लेखन, त्सुकासा आबे यांची चित्रं, २०२० पासून सुरू. इतर गोष्टी जिथं संपतात तिथून ही सुरू होते. राक्षसांच्या राजाला मारून चार सोबती परत आलेत. त्यातली फ्रीरेन एल्फ आहे, ती हजारो वर्षं जगते. माणसं मात्र म्हातारी होतात आणि मरतात. आपल्या सोबत्याच्या अंत्यविधीला उभं राहिल्यावर तिला कळतं की दहा वर्षं एकत्र हिंडूनही आपण याला नीट ओळखलंच नाही. आजी-आजोबांजवळ वाढलेल्या कुणालाही पहिला खंड लागेल. मालिका संपलेली नाही ही अडचण आहेच. पण सुरुवातीचे दोन खंड स्वतंत्रपणेही समाधान देतात.

सुपरहिरो: बॅटमॅन गरीब झाला तर?

बॅटमॅनला दुसरी कुठलीच शक्ती नाही, त्याच्याकडे पैसा आहे, हा विनोद जुना आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये डीसीनं तो पैसाच काढून घेतला. ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’ ही स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांची मालिका. यातला ब्रूस वेन शिक्षकाचा मुलगा आहे, वाडा नाही, नोकरचाकर नाहीत, आणि आई जिवंत आहे. आल्फ्रेड आहे, पण तो गुप्तहेर म्हणून त्याच्यावर पाळत ठेवायला आलेला. पहिले सहा अंक ‘द झू’ या नावाच्या संग्रहात २०२५ मध्ये आले.

ऐंशी वर्षांचा इतिहास माहीत नसला तरी हे पुस्तक कळतं आणि नव्या वाचकासाठी हीच मोठी सोय आहे. गेल्या काही वर्षांतल्या सुपरहिरो संग्रहांत इतकं धडधडीत सुरू होणारं दुसरं पुस्तक सापडणं अवघड. मारहाण मात्र जबर आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ‘बॅटमॅनच तर आहे’ म्हणून देऊ नका.

त्याच मालिकेतली ‘ॲब्सोल्यूट वंडर वूमन’ (केली थॉम्पसन, हेडन शर्मन) चित्रांच्या बाबतीत बॅटमॅनच्याही पुढे आहे. यातली डायना नरकात वाढलेली आहे, सर्सी या चेटकिणीनं तिला वाढवलंय, आणि तरीही ती प्रेमळ आहे. २०२५ मध्ये या मालिकेला नव्या मालिकेसाठीचं आयस्नर पारितोषिक मिळालं.

मार्व्हलच्या बाजूनं जोनाथन हिकमन आणि मार्को केकेटो यांची ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ जानेवारी २०२४ पासून आली. इथं पीटर पार्कर पस्तिशीत आहे, लग्न झालंय, दोन मुलं आहेत आणि अंकल बेन जिवंत आहे. शक्ती त्याला आत्ता मिळते. पहिल्या अंकात मारामारी जवळजवळ नाहीच, घरात बसून बोलणारी माणसं आहेत. कॉलेजातल्या वाचकापेक्षा नोकरीला लागलेल्या वाचकाला हे पुस्तक जास्त आवडेल. मधल्या अंकांत गोष्ट रेंगाळते, हा आक्षेप मात्र खरा आहे.

आणि हसायचं असेल तर ‘सुपरमॅन व्हर्सेस मेशी’ शोधा. सातोशी मियागावा आणि काई कितागो यांची ही मांगा. सुपरमॅन जेवणाच्या सुट्टीत उडत जपानला जातो आणि तिथल्या साध्या हॉटेलांच्या साखळीत बसून जेवतो. एवढीच गोष्ट. जगाला काहीही धोका नाही!

स्वस्त संग्रह, बारीक अक्षर

मांगानं अमेरिकी प्रकाशकांना एक धडा दिला: पुस्तक लहान आणि स्वस्त असलं की पोरं घेतात. त्यातून डीसीनं २०२४ मध्ये कादंबरीच्या आकाराची ‘कॉम्पॅक्ट कॉमिक्स’ काढली, अमेरिकेत किंमत ९.९९ डॉलर. मार्व्हलनं २०२५ मध्ये तसाच ‘प्रीमियर कलेक्शन’ सुरू केला, १४.९९ डॉलरला. भारतातही हे संग्रह मोठ्या आकाराच्या पुस्तकांपेक्षा परवडतात.

पण सगळीच पुस्तकं लहान केल्यावर वाचण्यासारखी राहत नाहीत. ‘वॉचमेन’ची बहुतेक पानं नऊ-नऊ चौकटींची आहेत आणि शेवटचं सोडून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी गद्याची दाट पानं आहेत. लहान आकारात ती वाचताना डोळे दुखतात. शिवाय जुन्या सुपरहिरोंची उलटतपासणी असलेलं हे पुस्तक पहिलंच म्हणून घेतलं तर अर्धं डोक्यावरून जातं. ‘ऑल-स्टार सुपरमॅन’च्या चौकटी मोठ्या आहेत, त्याला लहान आकार सोसतो. सुपरमॅन कंटाळवाणा आहे असं म्हणणाऱ्याच्या हातात द्यायचं पुस्तक ते.

‘द कोर्ट ऑफ आउल्स’ची गंमत वेगळी. त्यात बॅटमॅन भुलभुलैयात अडकतो, त्याचं डोकं फिरायला लागतं आणि तिथं पानंही फिरतात. आधी आडवी, मग उलटी. वाचक पुस्तक हातात गोल गोल फिरवत राहतो. हेच मोबाइलवर वाचलं तर फोन वळवला की पानही वळतं आणि सगळी मजा जाते. मोबाइलवर वाचणाऱ्यांनी ऑटो-रोटेट बंद करून ते प्रकरण वाचावं.

विदर्भातल्या वाचकासाठी एक जुनी मांगा

नव्या याद्यांत ‘बुद्ध’ नसते, कारण ती जुनी आहे. ओसामू तेझुका यांनी ती १९७२ ते १९८३ या काळात काढली. इंग्रजीत आठ खंड, आणि हार्परकॉलिन्सनं ती भारतातही आणली. १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी ज्या भागात घरोघरी माहीत आहे, तिथं ही मांगा इतकी कमी कशी पोचली हे कोडंच आहे.

पहिल्या खंडात बुद्ध जवळजवळ नाहीतच. गोष्ट सुरू होते चाप्रा नावाच्या गुलाम मुलापासून आणि तत्ता नावाच्या, जातीच्या उतरंडीबाहेर टाकलेल्या एका भुरट्या चोरापासून. जातीमुळे माणसाचं काय होतं हे तेझुका सिद्धार्थाच्या जन्माआधीच दाखवतात. ही पात्रं त्यांनी मनानं रचलेली आहेत. हा धर्मग्रंथ नाही, इतिहासही नाही. मधेच पात्रं आधुनिक विनोद करतात, तेझुका स्वतः चौकटीत डोकावून जातात. ज्यांना श्रद्धेच्या विषयात थट्टा चालत नाही त्यांना हे खटकेल. चित्रांत उघडी शरीरं आणि हिंसा आहे, त्यामुळे शाळकरी मुलांच्या हातात देण्याआधी मोठ्यांनी चाळावं. तरी, आठ खंडांतला एकच घ्यायचा तर पहिलाच घ्यावा. तो स्वतंत्र कादंबरीसारखा वाचता येतो.

वेताळ मराठी बोलायचा, तांजिरो का नाही?

मांगा मराठीत वाचायचं म्हटलं की लोक हसतात. पण मराठीत परदेशी सुपरहिरो वाचले गेलेत, आणि तेही गावोगाव. टाइम्स ऑफ इंडियानं १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. फँटमचा मराठीत ‘वेताळ’ झाला आणि मँड्रेकचा ‘जादूगार मँड्रेक’. भाषांतर म्हणजे नुसते शब्द बदलणं नव्हतं. वेताळाचा देश मूळ गोष्टीत ‘बंगाला’ होता. बंगालशी घोटाळा नको म्हणून इथं तो ‘डेंकाली’ केला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडली तोवर इंग्रजीसह वेगवेगळ्या भाषांत मिळून एक अख्खी पिढी त्यावर वाढली होती. आज पन्नाशी-साठीत असलेल्या कितीतरी मराठी माणसांना कवटीची अंगठी आठवते.

पुढे गाडी हिंदीकडे गेली. १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा नागराज आला, आणि त्याचे सुरुवातीचे अंक काढले प्रताप मुळीक यांनी. अमर चित्रकथेतून घराघरात गेलेले मराठी चित्रकार. १९९० च्या दशकात त्याच प्रकाशनानं डोगा आणला, जो राहतो मुंबईत. म्हणजे चित्रकार मराठी, शहर मराठी मुलखातलं आणि फुग्यातली भाषा हिंदी. विदर्भातल्या पोरांनी ती हिंदीतच वाचली आणि त्यांना काही अडलंही नाही. मराठीत कॉमिक्स न निघण्याचं एक कारण तेही असावं. हिंदी कळतं हे प्रकाशकांना माहीत होतं.

मांगा भारतीय भाषेत आणण्याचे प्रयोगही झालेत. तोमोको किकुची यांनी हिरोशिमावरची ‘बेअरफूट गेन’ हिंदीत आणली. सगळ्यात अचाट प्रयोग युकिची यामामात्सू या मांगाकाराचा. २००४ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, हिंदी-इंग्रजी काही येत नसताना ते दिल्लीला आले. सामुराईंची एक मांगा हिंदीत भाषांतर करून घेतली, छापली आणि रस्त्यावर उभं राहून विकायचा प्रयत्न केला. प्रती फारशा गेल्या नाहीत. परत जाऊन त्यांनी त्या फजितीवरच मांगा काढली. ती ‘स्टुपिड गाय गोज टु इंडिया’ नावानं चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनानं इंग्रजीत आणली. दिल्लीतलं भाड्याचं घर, जेवण, प्रेसवाल्याशी घासाघीस, सगळं त्यात आहे.

मराठी वाचकाला जपानी गोष्टी रुचत नाहीत असंही नाही. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेलं ‘तोत्तोचान’ शिक्षकांनी आणि पालकांनी डोक्यावर घेतलंच की. आणि सुपरहिरो मराठीत चालत नाही म्हणावं, तर १ जून २०२३ ला ‘स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत लागला, त्यात मराठी होती. त्यातला पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडरमॅन २००४ मध्ये कॉमिक्समधून आला होता. मूळ कॉमिक्समध्ये तो खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईच्या शाळेत आलेला, धोतर नेसतो म्हणून पोरं चिडवतात असा मुलगा आहे. २०२३ मध्ये निकेश शुक्ला यांनी त्याची नवी मालिका लिहिली, ती ‘सेवा’ या नावानं संग्रहात आहे. संग्रह म्हणून ती मध्यमच, खलनायक लगेच विसरला जातो. पण हे पात्र मराठीत बोललेलं आहे, आणि त्याचं पुस्तक मात्र मराठीत नाही. भाषांतराची सगळ्यात सोपी सुरुवात इथून झाली असती.

मागवण्याआधी

मांगाच्या नकली प्रती भारतात सर्रास विकल्या जातात. दीडशे-दोनशे रुपयांत खंड, किंवा अख्खा संच अर्ध्या किमतीत दिसला की समजावं. कागद पातळ असतो, काळा रंग राखाडी दिसतो, पानाच्या कडेचे शब्द कापलेले असतात, मुखपृष्ठ फोटोवरून छापल्यासारखं धूसर असतं. या पैशातला एक रुपयाही चित्रकाराला जात नाही. गंमत अशी की चाहत्यांनी विनापरवाना केलेली भाषांतरंही आता टिकत नाहीत. मे २०२५ मध्ये मांगाडेक्स या प्रसिद्ध साइटवरून सातशेहून जास्त मालिका प्रकाशकांच्या तक्रारींमुळे एका फटक्यात काढल्या गेल्या. अर्ध्यात वाचत असलेल्यांची गोष्ट अर्ध्यातच राहिली.

फुकट आणि सरळ मार्ग आहे. शुएइशा या जपानी प्रकाशकाचं ‘मांगा प्लस’ ॲप २०१९ पासून आहे. त्यात मालिकांची सुरुवातीची आणि ताजी प्रकरणं मोफत, जपानमध्ये येतात त्याच दिवशी, इंग्रजीत. व्हिझ कंपनीचं ‘शोनेन जंप’ ॲपही भारतात चालतं, त्याला महिन्याची वर्गणी आहे. आधी ॲपवर पहिली तीन प्रकरणं वाचायची, आवडली तरच खंड मागवायचा, असं केलं तर पैसे फुकट जात नाहीत.

पुस्तकाच्या मागच्या बाजूला वयाची खूण बघा. टी म्हणजे तेरा वर्षांवरच्यांसाठी, टी-प्लस म्हणजे त्याहून मोठ्या मुलांसाठी, एम म्हणजे प्रौढांसाठी. ‘चेनसॉ मॅन’ लहान मुलांसाठी नाही, मुखपृष्ठ कितीही गमतीदार वाटलं तरी.

दोघा-तिघांनी मिळून संच घेणं हा जुना उपाय इथंही चालतो. एकानं १८, १९ घ्यायचा, दुसऱ्यानं २०, २१. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार अ, ब, क, ड वर्गातल्या सार्वजनिक वाचनालयांना शासनाचं अनुदान मिळतं. तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपालांना ‘लुक बॅक’सारख्या एखाद्या पुस्तकाचं नाव लिहून द्यायला पैसे लागत नाहीत. संच मागण्यापेक्षा एकाच खंडात संपणारं पुस्तक मागितलं तर होकार मिळण्याची शक्यता जास्त.

आणि पार्सल आलं की फोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. कोपरे दुमडलेले निघाले किंवा मधलाच एखादा खंड चुकून दुसरा आला, तर परत पाठवताना तोच पुरावा उपयोगी पडतो.